पाणी उपसणाऱ्या पेशी: फुक्स डिस्ट्रॉफी आणि कॉर्नियाची सूज

सकाळी उठल्यावर धूसर, दुपारनंतर बरेच स्वच्छ. दृष्टीच्या फारशा तक्रारी अशा वेळापत्रकाने चालत नाहीत. मोतीबिंदूचा धुरकटपणा दिवसभर तसाच राहतो आणि चष्म्याचा नंबर चुकला असेल तर त्याला सकाळ-संध्याकाळचे सोयरसुतक नसते. घड्याळाबरोबर बदलणारी धूसरता मात्र बहुधा एकच गोष्ट सांगत असते. डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रात्रीतून पाणी साठले आणि दिवसा ते थोडे ओसरले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला, विशेषतः बाईला, दोन्ही डोळ्यांत हा त्रास होत असेल तर पहिला संशय घ्यावा लागतो तो फुक्स एंडोथेलियल डिस्ट्रॉफी या आजाराचा.

भारतात हा आजार तुलनेने कमी आढळतो, त्यामुळे त्याचे नाव दवाखान्याबाहेर फारसे कोणी ऐकलेले नसते. युरोप-अमेरिकेत मात्र कॉर्निया बदलण्याच्या शस्त्रक्रियेमागचे ते एक सर्वांत मोठे कारण आहे. बिघाड नेमका कुठे आहे हे जसजसे कळत गेले, तसतशी या आजारावरची शस्त्रक्रिया लहान होत गेली आणि आता तर ती इंजेक्शनच्या सुईपर्यंत येऊन ठेपली आहे. आपल्याकडची अडचण मात्र शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधी सुरू होते, तपासणीच्या खुर्चीत आणि नेत्रपेढीच्या दारात.

पारदर्शकता टिकते कशी

बुबुळावरचा पारदर्शक घुमट म्हणजे कॉर्निया. पाठ्यपुस्तकांत त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यात रक्तवाहिनी नाही. प्राणवायू बाहेरच्या हवेतून मिळतो आणि साखर डोळ्याच्या आतल्या द्रवातून. सर्वांत बाहेर एपिथेलियम हा पेशींचा थर, त्याखाली बोमनचा पातळ थर, मग स्ट्रोमा, त्यामागे डेसिमेटचा पडदा आणि अगदी आत एंडोथेलियम. यांपैकी स्ट्रोमानेच कॉर्नियाची नऊ दशांश जाडी व्यापलेली असते.

स्ट्रोमा हा कोलॅजनच्या बारीक तंतूंचा बनलेला असतो. तंतू तर त्वचेतही असतात, पण त्वचेतून आरपार दिसत नाही. हे कोडे डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये सोडवले. कॉर्नियातले तंतू सारख्याच जाडीचे असतात आणि एकमेकांपासून जवळपास सारख्याच अंतरावर रचलेले असतात. त्यामुळे त्यांच्यावरून विखुरणारे प्रकाशकिरण एकमेकांना छेदून नाहीसे होतात आणि सरळ जाणारा प्रकाश तेवढा उरतो. या रचनेत जास्तीचे पाणी शिरले की अंतरे बिघडतात, प्रकाश विखुरतो आणि पडदा पांढुरका दिसू लागतो.

मुळात स्ट्रोमाला पाण्याची ओढ फार. काढलेला कॉर्निया पाण्यात ठेवला तर तो फुगून मूळ जाडीच्या कितीतरी पट होतो. डोळ्यात त्याच्या मागेच सतत द्रव असतो, तरी तो फुगत नाही, याचे श्रेय जाते एंडोथेलियमला. हा पेशींचा एकच पदर. तळाला बारीक गळती असलेल्या होडीत नावाडी वल्हवता वल्हवता पाणी उपसत राहतो, तसे या पेशींचे काम चालते. आतला द्रव पेशींच्या फटींतून स्ट्रोमात झिरपतो आणि झिरपायलाच हवा, कारण कॉर्नियाचे अन्न त्याच्याबरोबर येते. त्याच वेळी पेशींच्या पटलातले सोडियम-पोटॅशियम पंप क्षार बाहेर ढकलतात आणि क्षारांमागे पाणीही बाहेर पडते. गळती आणि उपसा यांचा मेळ बसलेला असतो तोवर काच स्वच्छ राहते.

झोपेत पापण्या मिटलेल्या असतात, पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत नाही आणि प्राणवायूही कमी मिळतो. म्हणून निरोगी कॉर्नियासुद्धा रात्री साधारण चार टक्के जाड होतो आणि जाग आल्यावर थोड्या वेळात पूर्ववत होतो. पंप कमकुवत झालेला असेल तर हेच व्हायला दुपार उजाडते. सकाळच्या धूसरतेचे गणित ते एवढेच.

या पेशींची अडचण अशी की माणसात त्या जवळपास पुन्हा निर्माणच होत नाहीत. जन्मतः जी शिल्लक मिळाली तिच्यावर आयुष्य काढायचे. तरुणपणी दर चौरस मिलिमीटरला ३,०००च्या आसपास पेशी असतात आणि वयाबरोबर वर्षाला सुमारे ०.६ टक्के कमी होत जातात. एखादी पेशी मेली की शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, त्यामुळे षट्कोनी पेशींची सुबक जाळी हळूहळू ओबडधोबड होते. शिल्लक पाचशेच्या आसपास आली की उपसा कमी पडू लागतो. शंभर वर्षे जगलेल्या निरोगी माणसालाही ही पुंजी पुरते. आजार, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांनी तिला भगदाड पाडले तर मात्र ती पुरत नाही.

व्हिएन्नातले तेरा रुग्ण

एर्न्स्ट फुक्स हे व्हिएन्नातले त्या काळचे अत्यंत नामवंत नेत्रतज्ज्ञ. १९१० मध्ये त्यांनी १३ वृद्ध रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या रुग्णांच्या कॉर्नियाचा मध्यभाग धुरकट झाला होता, पृष्ठभागावर बारीक फोड आले होते आणि तिथली संवेदना मंदावली होती. सकाळी कमी दिसते, नंतर सुधारते, हेही त्यांनी टिपले होते. बिघाड समोर, पृष्ठभागावर दिसत होता, म्हणून आजाराला दिलेल्या नावात त्यांनी एपिथेलियम हाच शब्द घातला. हाती असलेल्या साधनांनी त्याहून आत पाहणे कठीणच होते.

पुढच्याच वर्षी आल्व्हार गुलस्ट्रांड यांनी स्लिट लॅम्प जगापुढे आणला. त्याच वर्षी त्यांना डोळ्यातल्या प्रकाशाच्या वक्रीभवनावरील कामासाठी नोबेल पुरस्कार मिळाला. प्रकाशाची अरुंद फट डोळ्यावर तिरकी पाडायची आणि भिंगातून कॉर्नियाचा जणू उभा छेद पाहायचा, अशी ही युक्ती. आजही प्रत्येक नेत्रतज्ज्ञाच्या टेबलावर तिचाच वंशज उभा असतो. या दिव्याने पाहणाऱ्या स्विस तज्ज्ञ आल्फ्रेड फोग्ट यांनी १९२१ मध्ये कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागावरचे थेंबांच्या आकाराचे उंचवटे वर्णन केले. त्यांना गुटाटा म्हणतात. त्यानंतरच्या काही वर्षांत रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आले की गुटाटा आधी येतात आणि फुक्स यांनी पाहिलेले फोड बऱ्याच वर्षांनी. बिघाडाचा पत्ता असा समोरून मागे सरकला. फुक्स यांना दिसला तो शेवटचा अंक, नाटक सुरू झाले होते ते मागच्या पेशींत.

आजार कसा पुढे सरकतो

आजारी एंडोथेलियल पेशी आपल्याला लागून असलेल्या डेसिमेट पडद्यावर नको तेवढा माल साठवत राहतात. त्यातून पडदा जाड होतो आणि गुटाटा उगवतात. सुरुवातीला ते मध्यभागी तुरळक असतात, मग एकमेकांत मिसळतात आणि स्लिट लॅम्पखाली तो भाग हातोडीने ठोकलेल्या धातूच्या पत्र्यासारखा खडबडीत चमकतो. या टप्प्यावर रुग्णाची काहीच तक्रार नसेल. काहींना रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो किंवा उन्हाची तिरीप सहन होत नाही, कारण सूज नसतानाही गुटाटा प्रकाश विखुरतात.

दुसऱ्या टप्प्यात सकाळची धूसरता येते आणि वर्षागणिक ती दुपारकडे सरकत जाते. दिव्याभोवती रंगीत कडी दिसू शकतात. अशी कडी काचबिंदूच्या एका प्रकारातही दिसतात, म्हणून डोळ्याचा दाब तपासल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. तिसऱ्या टप्प्यात पाणी एपिथेलियमपर्यंत पोहोचते आणि पृष्ठभागावर फोड उठतात. ते फुटले की मज्जातंतू उघडे पडतात आणि डोळ्यात काच गेल्यासारख्या असह्य वेदना होतात. त्यानंतर पृष्ठभागाखाली जून व्रण तयार होतो. वेदना कमी होतात, पण दृष्टीही जाते. हा प्रवास साधारण दोन-तीन दशकांचा असतो. आज शस्त्रक्रिया वेळेवर होत असल्याने शेवटचा टप्पा क्वचितच पाहायला मिळतो.

पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार जास्त दिसतो आणि अधिक तीव्रही असतो. तो घराण्यातून येतो, त्यामुळे एका बहिणीत सापडला तर इतर भावंडांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. २०१० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या गटाने या आजाराचे धागेदोरे टीसीएफ४ या जनुकापर्यंत नेले. दोन वर्षांनी नेमका दोष हाती लागला. या जनुकात सी, टी, जी ही तीन रासायनिक अक्षरे एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येतात. सामान्य माणसात ती काही डझनांच्या आत असतात, अनेक रुग्णांत मात्र पन्नासच्या वर जातात. या लांबलेल्या भागाची आरएनए प्रत पेशीच्या केंद्रकात गोळा होऊन बसते आणि इतर जनुकांचे संदेश नीट जुळवणाऱ्या प्रथिनांना अडकवून ठेवते. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारातही अगदी असाच प्रकार घडतो आणि त्या रुग्णांतही फुक्सची लक्षणे दिसतात. युरोपीय वंशाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत हा दोष सापडतो. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे, म्हणजे आपल्याकडे इतर कारणांचा वाटा मोठा असणार. विशी-तिशीतच सुरू होणारा एक दुर्मीळ प्रकार सीओएल८ए२ या वेगळ्या जनुकातून येतो. जनुकांच्या जोडीला धूम्रपान आणि अतिनील किरणांमुळे पेशींवर येणारा ताण यांचाही हात असावा असे पुरावे आहेत.

सुजेची इतर घराणी

कॉर्निया सुजला म्हणजे फुक्सच, असे नाही. पंप बिघडण्याच्या आणखी काही वाटा आहेत आणि त्या ओळखल्या नाहीत तर उपचार चुकतो.

पहिली वाट जन्मापासूनची. जन्मजात आनुवंशिक एंडोथेलियल डिस्ट्रॉफी असलेल्या बाळाचे दोन्ही डोळे निळसर-राखाडी, घासलेल्या काचेसारखे दिसतात. कॉर्नियाची जाडी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट भरते. दोष असतो एसएलसी४ए११ या जनुकात आणि आजार होण्यासाठी तो आई-वडील दोघांकडून यावा लागतो. म्हणूनच नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत, दक्षिण भारतात आणि अरब देशांत, तो जास्त आढळतो. आते-मामे भावंडांच्या लग्नांची रीत महाराष्ट्रातही अनेक घरांत आहे, त्यामुळे हा मुद्दा आपल्यापासून दूरचा नाही. यातल्या काही मुलांना मोठेपणी हळूहळू कमी ऐकू येऊ लागते, तेव्हा कानांची तपासणीही चालू ठेवावी लागते. अशा बाळात सर्वांत आधी काचबिंदू नाही ना, हे पाहायचे असते. जन्मजात काचबिंदूतही कॉर्निया पांढुरका होतो, पण तिथे डोळा मोठा दिसतो, दाब वाढलेला असतो आणि उशीर परवडत नाही.

दुसरी वाट तरुणांची. आयसीई सिंड्रोम बहुधा एकाच डोळ्यात, बहुतेक तरुण स्त्रियांत होतो. यात एंडोथेलियल पेशी बुबुळाच्या रंगीत पडद्यावर पसरतात, बाहुली ओढली जाते आणि काचबिंदू उद्भवतो. एकच डोळा आणि कमी वय, या दोन खुणांनी तो फुक्सपासून वेगळा पडतो.

तिसरी वाट अचानकची. केरॅटोकोनस या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. एखाद्या दिवशी डेसिमेटचा पडदा फाटतो, आतले पाणी धडकन शिरते आणि डोळा पांढराफटक होतो. याला हायड्रॉप्स म्हणतात. दिसायला भयंकर असले तरी पेशी सरकून फट बुजवतात आणि सूज साधारण दोन-चार महिन्यांत ओसरते, मागे व्रण मात्र राहू शकतो. ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळणाऱ्या मुलांना धोका जास्त. नागपूर परिसरातल्या खेड्यांत झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीमध्ये, कॉर्नियाच्या वक्रतेच्या निकषावर, २.३ टक्के प्रौढांत केरॅटोकोनस आढळला होता. घरात कोणी डोळे चोळत बसत असेल तर ते सोडवणे हाच इथला पहिला उपाय.

चौथी वाट आपल्याकडे सर्वांत रुळलेली, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची. तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवे.

मोतीबिंदूआधीची मोजणी

फुक्स आणि मोतीबिंदू दोन्ही उतारवयातले, त्यामुळे एकाच डोळ्यात दोन्ही असणे ओघानेच येते. धूसर दिसते म्हणून माणूस येतो, मोतीबिंदू दिसतो, शस्त्रक्रिया ठरते. फेको पद्धतीत अल्ट्रासाउंडने लेन्स फोडली जाते. या हादऱ्यांनी आणि आत फिरणाऱ्या द्रवाने निरोगी डोळ्यातल्याही काही टक्के एंडोथेलियल पेशी जातात. निरोगी डोळ्याला ते जाणवतही नाही. पण शिल्लक आधीच तळाला लागलेली असेल तर तेवढे नुकसान कडेलोटाला पुरते. मग 'ऑपरेशन चांगले झाले म्हणतात, पण दिसत तर काहीच नाही' ही तक्रार सुरू होते. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात कुशल असला तरी हे घडू शकते, कारण शिल्लक किती आहे हे आधी मोजलेलेच नसते.

मोजणे अवघड नाही. स्लिट लॅम्पखाली मागचा पृष्ठभाग नीट पाहिला की गुटाटा दिसतात. स्पेक्युलर मायक्रोस्कोप नावाचे यंत्र डोळ्याला हात न लावता पेशींचा फोटो काढते, दर चौरस मिलिमीटरला किती पेशी, त्यांचा आकार किती बिघडलेला, हे काही मिनिटांत कळते. पॅकीमीटर कॉर्नियाची जाडी मोजतो. मोतीबिंदू काढला तर कॉर्निया टिकेल का, हे ठरवताना ६४० मायक्रॉन ही जाडी बरीच वर्षे धोक्याची खूण मानली जात होती. पण मुळातच कोणाचा कॉर्निया ५०० मायक्रॉनचा असतो, कोणाचा ६००चा, त्यामुळे एकाच आकड्यावर भिस्त ठेवण्यात धोका आहे. म्हणून आता टोमोग्राफीत दिसणारा जाडीचा नकाशा कुठे विस्कटला आहे, हे पाहण्याकडे कल वाढतो आहे. तो पाहून डोळ्याने न दिसणारी सूजही ओळखता येते.

शिल्लक कमी निघाली तर डॉक्टरांपुढे पर्याय असतात. एंडोथेलियमवर जाड जेलचे संरक्षण देऊन कमीत कमी अल्ट्रासाउंड वापरायचा, किंवा मोतीबिंदूबरोबरच कॉर्नियाचा मागचा थरही बदलायचा. मुख्य म्हणजे रुग्णाला आधी सांगता येते. 'तुमचा कॉर्निया नाजूक आहे, पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते' हे वाक्य शस्त्रक्रियेआधी सांगितले तर तो सल्ला असतो, नंतर सांगितले तर रुग्णाला ती सबब वाटते.

पाणी ओढणारे थेंब ते पंधरा मायक्रॉनची फीत

सुरुवातीच्या टप्प्यात पाच टक्के मिठाचे थेंब किंवा मलम देतात. क्षाराची तीव्रता जास्त असल्याने ते पृष्ठभागातले पाणी बाहेर ओढतात. मलम रात्री, थेंब सकाळी वारंवार, असा बेत असतो. काही रुग्णांना सकाळी हेअर ड्रायर हातभर अंतरावर धरून त्याची मंद हवा चेहऱ्यावर घेण्याचा सल्ला दिला जातो, बाष्पीभवन वाढते आणि धूसरता लवकर निवळते. फोड फुटून दुखत असेल तर बँडेज कॉन्टॅक्ट लेन्स आराम देते. यांतला एकही उपाय पेशी वाढवत नाही, फक्त दिवस सुसह्य करतो.

खरा उपाय म्हणजे पेशी बदलणे. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स इथे एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका शेतमजुरावर माणसाच्या कॉर्नियाचे टिकलेले पहिले प्रत्यारोपण केले. कॉर्निया मिळाला होता तो इजा झाल्यामुळे डोळा काढावा लागलेल्या एका मुलाचा. पुढे तीसच्या दशकात ओडेसात व्लादिमिर फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तींचे कॉर्निया वापरण्याचा मार्ग रुळवला. त्यानंतर अनेक दशके फुक्सच्या रुग्णांनाही हीच शस्त्रक्रिया मिळत राहिली. कॉर्नियाची आरपार चकती कापायची आणि दात्याची चकती बारीक टाक्यांनी शिवायची. बिघडला होता एका पेशीच्या जाडीचा थर, बदलला जात होता अख्खा कॉर्निया. टाक्यांच्या ओढीने नंबर वेडावाकडा व्हायचा, नजर स्थिरावायला वर्ष जायचे आणि डोळ्याला मार बसला तर जखम उसवण्याची भीती जन्मभर राहायची.

ही विसंगती रॉटरडॅमच्या गेरिट मेलेस यांनी मोडून काढली. १९९८ मध्ये त्यांनी फक्त मागचा थर बदलण्याची पद्धत मांडली. तिच्यातून पुढे डीसेक आली. तिच्यात एंडोथेलियमबरोबर स्ट्रोमाचा पातळ पापुद्रा असतो. २००६ मध्ये मेलेस यांनीच डीमेक आणली. इथे दात्याकडून घ्यायचा तो फक्त डेसिमेटचा पडदा आणि त्यावरच्या पेशी, जाडी दहा-पंधरा मायक्रॉन.

डीमेक जवळून पाहिली तर तिची नजाकत कळते. दात्याच्या कॉर्नियावरून सुमारे आठ मिलिमीटर व्यासाचा पडदा द्रवाखाली अलगद सोलून काढतात. सुटताच तो स्वतःभोवती गुंडाळला जातो, पेशी बाहेरच्या बाजूला. तो इतका पारदर्शक असतो की निळ्या ट्रायपॅन रंगात बुडवल्याशिवाय दिसत नाही. उलटसुलट कळावे म्हणून त्यावर रोमन लिपीतले एस हे अक्षर उमटवलेले असते. रुग्णाचा आजारी पडदा आतून खरवडून काढतात आणि ही निळी गुंडाळी काचेच्या नळीतून दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत सोडतात. आता ती उलगडायची, पण हत्याराचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, कारण प्रत्येक स्पर्शाला पेशी जातात. शल्यचिकित्सक बाहेरून कॉर्नियावर हलक्या टिचक्या मारतो, त्या लाटांनी गुंडाळी हळूहळू उघडते. अक्षर उलटे दिसले तर पडदा पालथा पडला आहे, पुन्हा परतायचा. सुलटे दिसले की खालून हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडून तो वर दाबून धरायचा. टाका एकही नाही. मग रुग्णाने शक्य तितका वेळ पाठीवर, छताकडे तोंड करून पडून राहायचे, कारण बुडबुडा वर तरंगतो आणि पडद्याला आधार देतो. कधी कडा सुटते, तेव्हा पुन्हा बुडबुडा सोडावा लागतो.

या खटाटोपाचे फळ मोठे आहे. नजर आठवड्यांत सुधारते. परकी ऊती म्हणून शरीराने प्रत्यारोपण नाकारण्याचा धोकाही घटतो. इंडियानापोलिसच्या एका गटाने २०१२ मध्ये दिलेल्या तुलनेत, दोन वर्षांत नकाराची घटना घडण्याची शक्यता आरपार प्रत्यारोपणात १८ टक्के, डीसेकमध्ये १२ टक्के आणि डीमेकमध्ये १ टक्का होती. तरीही स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करायचे नसतात आणि ते चालू असताना डोळ्याचा दाब तपासत राहावे लागते.

दात्याविना की दाता वाटून

काही रुग्णांत आजार मध्यभागापुरता असतो आणि कडेच्या पेशी धडधाकट असतात. अशांत मधला चारेक मिलिमीटरचा आजारी पडदा नुसता काढून टाकतात, काहीही न बसवता. कडेच्या पेशी सरकून मोकळी जागा भरतात, त्याला काही आठवडे ते महिने लागतात. काचबिंदूसाठी जपानात वापरात असलेला रिपासुडिल हा थेंब या सरकण्याला मदत करतो, असे दिसून आले आहे. दात्याची गरज नाही, नकाराचा प्रश्न नाही. पण रुग्णाची निवड चुकली तर सूज तशीच राहते.

याहून मोठी उडी क्योतोमध्ये घेतली गेली. शिगेरू किनोशिता आणि सहकाऱ्यांनी दात्याच्या एंडोथेलियल पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. डोळ्यात न वाढणाऱ्या पेशी योग्य रसायनांच्या साथीने बशीत वाढतात, ही इथली खरी कमाई. त्यांनी ११ रुग्णांच्या डोळ्यांत या पेशी इंजेक्शनने सोडल्या आणि रुग्णांना तीन तास पालथे झोपवले, म्हणजे पेशी गुरुत्वाकर्षणाने कॉर्नियावर जाऊन बसतील. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २४ आठवड्यांनी सर्व ११ डोळ्यांत पेशींची संख्या ५००च्या वर आणि १० डोळ्यांत १,०००च्या वर होती. मार्च २०२३ मध्ये जपानने या उपचाराला मान्यता दिली. एका दात्याच्या पेशींतून अनेक रुग्णांना उपचार मिळणे यामुळे शक्य झाले आहे. तो इतर देशांत कधी आणि किती किमतीत पोहोचतो, यावर पुढचे बरेच काही ठरेल.

आपली कोंडी

तोपर्यंत सगळी भिस्त दात्यावर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार सुमारे १ कोटी २७ लाख लोक कॉर्नियाच्या प्रतीक्षेत होते आणि ७० गरजूंमागे १ कॉर्निया उपलब्ध होता. प्रत्यक्ष झालेल्या प्रत्यारोपणांत ३९ टक्क्यांमागे फुक्स हे कारण होते. भारतातले चित्र वेगळे. इथल्या यादीत जंतुसंसर्गाचे व्रण, शेतात काडी-काटा लागून पडलेली फुले, मोतीबिंदूनंतरची सूज आणि आधीची फसलेली प्रत्यारोपणे आघाडीवर असतात. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण कॉर्नियाची अपारदर्शकता हेच निघाले, ३७.५ टक्के. फुक्सची आजी आणि पिकात काम करताना डोळा गमावलेला तरुण एकाच रांगेत उभे आहेत.

रांग थोडी हलवण्याची सोय नव्या शस्त्रक्रियेतच आहे. एक कॉर्निया दोघांना वाटता येतो. समोरचा भाग केरॅटोकोनसच्या किंवा व्रणाच्या रुग्णाला, मागचा पडदा फुक्सच्या रुग्णाला. समोर डाग असलेला, आरपार प्रत्यारोपणाला नाकारला गेलेला कॉर्नियाही मागचा थर चांगला असेल तर कामी येतो. आणखी एक बाब आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. डीमेकसाठी तरुण दात्याचा पडदा फार घट्ट गुंडाळतो, प्रौढ आणि वृद्ध दात्याचा सैल गुंडाळतो आणि सहज उलगडतो. म्हणजे 'आता या म्हाताऱ्या डोळ्यांचा कोणाला उपयोग' असे म्हणून नेत्रदान टाळण्याला आधार उरत नाही. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी कशामुळेही दान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा आजारांत मात्र ते घेतले जात नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढायला हवेत. २०११ च्या कायदेदुरुस्तीनंतर प्रशिक्षित तंत्रज्ञही हे काम करू शकतात, त्यामुळे डॉक्टर मिळेना म्हणून दान हुकण्याचे कारण राहिलेले नाही. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा होतो, गावोगाव संकल्पपत्रे भरली जातात. पण वेळ येते तेव्हा संकल्पपत्र कपाटात असते आणि फोन करायचा असतो तो मुलाने किंवा सुनेने. पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवणे, पंखा बंद करणे आणि नेत्रपेढीला कळवणे, एवढे घरातल्या एकाला माहीत असले तर संकल्पाचे दान होते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फुक्स यांना सूज दिसली होती, तिचे मूळ दिसले नव्हते. आज मूळ दिसते, मोजता येते, बदलता येते आणि बशीत वाढवताही येते. आपल्याकडे कमतरता आहे ती मोजण्याच्या सवयीची. त्यामुळे मोतीबिंदूची तारीख घेताना लेन्स देशी की विदेशी, पॅकेज केवढ्याचे, याबरोबरीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: 'कॉर्नियाच्या मागच्या पेशी पाहिल्यात का, शिल्लक किती आहे?' आणि सकाळी धूसर दिसत असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगायला हवे. दवाखान्यात तपासणी बहुधा दुपारी होते, तोवर लक्षण निघून गेलेले असते.